बेटिंग शॉपच्या मशीनचा नाद : आधी गेलेल्या पैशांचा नाद सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याकडचा एक जण, वय तिशीच्या आसपास, इंग्लंडमध्ये केअर होममध्ये नाइट शिफ्ट करतो, बायको आणि मुलगी गावाकडे. दीडेक वर्षापासून शिफ्ट संपली की बसमधून आधीच्याच स्टॉपवर उतरतो आणि बुकीच्या दुकानात, म्हणजे बेटिंग शॉपमध्ये, जुगाराच्या मशीनवर बसतो. पगार चार-पाच दिवसांत संपतो, मित्रांकडून, भिशीतून आणि ॲपवरच्या लोनमधून मिळून अकरा हजार पौंड देणं झालंय, घरी सांगितलंय की भाडं वाढलं. दोन दुकानांत 'मला आत घेऊ नका' असं लिहून दिलं, मग पुढच्या चौकातल्या दुकानात जायला लागला. आणि विचारतो, "आता मशीनवर दोन पौंडांच्या वर लावताच येत नाही, तरी एवढे पैसे जातात कसे? माझ्यात विल पॉवरच नाही का? निदान अर्धे परत आले की कायमचं बंद करणार आहे, तोपर्यंत कंट्रोल कसा ठेवू? कधी कधी वाटतं सगळंच संपवून टाकावं."

मी इंग्लंडमध्ये व्यसनांवर समुपदेशन करते, जुगाराच्या केसेस बऱ्याच वर्षांपासून बघतेय, त्यात आपली मराठी माणसंही असतात, फक्त ती फार उशिरा येतात कारण मंडळात कळेल, गावात कळेल ही भीती. तर शेवटच्या वाक्याला आधी उत्तर देते. 'सगळं संपवावं' हे नुसतं वाटणं आहे की त्याचा काही बेत मनात शिजतोय हे तुमचं तुम्हालाच माहीत, पण जुगाराच्या कर्जात हा विचार येणं आम्ही कधीच हलक्यात घेत नाही. तो विचार जोर करायला लागला तर समॅरिटन्स या मदत संस्थेचा ११६ १२३ हा नंबर आहे, फुकट, रात्री तीन वाजताही कुणीतरी उचलतं. १११ लावून दोनचा ऑप्शन दाबला की एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, मानसिक आरोग्याची टीम मिळते, आणि आत्ता या क्षणी धोका असेल तर सरळ ९९९ हा आपत्कालीन नंबर. अकरा हजार पौंड फेडता येतात, मी याच्या कितीतरी पट देणं असलेली माणसं त्यातून बाहेर आलेली बघितलीत. आधी हे नंबर फोनमध्ये सेव्ह करा आणि मग पुढचं वाचा.

आता मुद्द्याचं. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात घातक वाक्य कुठलं असेल तर 'अर्धे परत आले की बंद करणार'. बाकी सगळं, म्हणजे मशीन, दुकान, बसचा स्टॉप, हे बाहेरचं आहे, त्याला कुलूप लावता येतं. पण हे वाक्य जोपर्यंत डोक्यात आहे तोपर्यंत तुम्ही कितीही दुकानांत लिहून द्या, पाय तिसऱ्या दुकानाकडे वळणारच, कारण तुमच्या हिशोबात ते पैसे अजून गेलेलेच नाहीत, ते मशीनमध्ये ठेवलेत आणि तुम्ही आणायला चाललाय. हरलेलं वसूल करायला परत जाणं हे या आजाराच्या निदानातलंच एक लक्षण आहे. पार्टीत चार पैसे हरून घरी जाणारा माणूस आणि तुम्ही यांच्यात फरक इथेच पडतो.

दोन पौंडांत एवढे जातात कसे, याचं उत्तर नीट समजून घ्या, कारण ते समजलं की 'अर्धे परत' या स्वप्नाची हवा निघते. ही मशीन्स ब्रिटनमधल्या बेटिंग शॉपमध्ये २००१ च्या सुमाराला आली. त्याच वर्षी बेटिंगवरचा कर लावण्याची पद्धत बदलली, प्रत्येक पैजेवर कर घ्यायच्या ऐवजी कंपनीच्या नफ्यावर कर आला, त्यामुळे कमी मार्जिनचा, फिरत्या चाकावरच्या आकड्यावर पैसे लावायचा रूलेटसारखा खेळ दुकानात ठेवणं परवडायला लागलं. २००५ च्या जुगार कायद्याने त्यांना रीतसर चौकटीत घेतलं, एका दुकानात जास्तीत जास्त चार मशीन्स. तेव्हा एका डावाला १०० पौंड लावता यायचे आणि डाव २० सेकंदांचा. म्हणजे तासाला १८० डाव, कमाल १८,००० पौंडांची उलाढाल, आणि तेही कोपऱ्यावरच्या दुकानात, जिथे माणूस कामावरच्या कपड्यात जातो. लंडनमधल्या न्यूहॅम कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, पुढाकार घेऊन ९३ कौन्सिल एकत्र केल्या आणि स्टेक म्हणजे एका डावाला लावायची कमाल रक्कम दोन पौंड करा अशी मागणी लावून धरली. सरकारने मान्य केलं, पण अंमलबजावणी पुढे ढकलली, त्यावरून क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये राजीनामा दिला, आणि शेवटी १ एप्रिल २०१९ पासून दोन पौंडांची मर्यादा आली. फायदा झाला, यात वादच नाही, एका दुपारी वर्षाची बचत उडवणाऱ्या केसेस कमी झाल्या.

पण लोकांना वाटलं की दोन पौंड म्हणजे आता पोराटोरांचा खेळ, आणि तिथेच फसगत होते. आज दुकानात तुम्ही जे चाकं फिरवून चिन्हं जुळवायचे स्लॉट गेम खेळता त्यांची मर्यादा एका स्पिनला दोन पौंड, कमाल बक्षीस ५०० पौंड, आणि स्पिन अडीच सेकंदांची. अडीच सेकंद म्हणजे तासाला १,४४० स्पिन. हात न थांबता दोन पौंडांनी खेळलात तर तासाला २,८८० पौंडांची उलाढाल. आता मशीनच्या माहितीच्या पानावर तुम्ही एक टक्केवारी बघितली असेल, समजा ९० टक्के परतावा. बहुतेकांना वाटतं की शंभर टाकले की नव्वद परत मिळतात, म्हणजे तोटा दहाचाच. तसं नसतं. ते नव्वद टक्के प्रत्येक स्पिनवर लागतात, आणि जे परत येतं ते तुम्ही खिशात घालत नाही, परत लावता, त्यातले दहा टक्के परत कापले जातात, परत लावता, परत कापले जातात. वीस पौंड टाकून एक-एक पौंडाच्या स्पिन मारल्या तर सरासरीने २०० स्पिनमध्ये ते वीस संपतात, आणि २०० स्पिनला अडीच सेकंदांनी साडेआठ मिनिटंही लागत नाहीत. सरासरी म्हणतेय, कधी तीन मिनिटांत संपतील, कधी मध्येच ऐंशी होतील, आणि ते ऐंशी झालेले जे आहेत ना, तेच लक्षात राहतात.

अकरा हजारातले अर्धे म्हणजे साडेपाच हजार. एका स्पिनचं कमाल बक्षीस पाचशे. म्हणजे सगळ्यात मोठं बक्षीस तुम्हाला अकरा वेळा लागायला पाहिजे, आणि मधल्या वेळात एक पेनीही हरायची नाही. हा हिशोब कागदावर स्वतःच्या हाताने लिहा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्या काही भेटींतच हे करायला लावते आणि बराच वेळ गप्प बसून असतात लोक. चीड येते, रडू येतं, येऊ दे. ते पैसे गेले. कुणाच्या जाण्याचं दुःख करतो तसं त्या पैशांचंही करावं लागतं, आणि ते केल्याशिवाय पुढची कुठलीच युक्ती टिकत नाही असा माझा अनुभव आहे.

विल पॉवरबद्दल. तुम्ही रात्रभर म्हाताऱ्या माणसांना उचलता, कपडे बदलता, पहाटे मेडिकेशन राउंड करता, महिनोन् महिने, परक्या देशात एकटे. विल पॉवर नसलेल्या माणसाला हे जमत नाही. मशीनसमोर ती चालत नाही कारण मशीन त्याच हिशोबाने बनवलेलं असतं. बक्षीस कधी मिळणार हे ठरलेलं नसेल तर प्राणी बटण दाबणं थांबवत नाही हे मानसशास्त्राला स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या काळापासून माहीत आहे. वर 'थोडक्यात हुकलं' हा प्रकार. दोन चिन्हं जुळली आणि तिसरं एक घर खाली थांबलं. हिशोबाने ती निव्वळ हार आहे, पण केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूचे स्कॅन करून दाखवलं की अशा हुकण्याने मेंदूतले जिंकण्याशी संबंधित भागही जागे होतात आणि खेळायची इच्छा वाढते. तिसरं म्हणजे दोन पौंड लावले, साठ पेन्स आले, आणि मशीन दिवे लावून गाणं वाजवतं. तुम्ही एक पौंड चाळीस हरलात आणि तुमचं अभिनंदन चाललंय. त्यात नाइट शिफ्टनंतरचा झोप न झालेला मेंदू. थकलेल्या मेंदूला 'थांब' म्हणणं सगळ्यात जड जातं, आणि तुम्ही बरोबर त्याच वेळी दुकानात शिरता.

आणि अजून एक गोष्ट, जी तुम्ही लिहिली नाहीत पण मला दिसतेय, ती म्हणजे जिंकण्याचं आकर्षण केव्हाच संपलंय. या मशीनवर बसणारे बरेच जण मला सांगतात की तिथे बसलं की डोकं बंद होतं. बायकोचा फोन, पोरीची फी, व्हिसाची स्पॉन्सर कंपनी काय म्हणेल, कुठलाच विचार नाही, नुसती चाकं फिरतात. म्हणून तर जिंकले तरी उठत नाहीत, पाचशे लागले तरी उठत नाहीत. म्हणजे नुसतं मशीन काढून घेतलं तर डोकं बंद करायची ती गरज तशीच राहते, तिला दुसरी वाट द्यावी लागते. त्याकडे येते.

आधी दरवाजे बंद करू, आणि ज्या दिवशी खेळायची इच्छा नाही त्या दिवशीच बंद करायचे, इच्छा आल्यावर नाही. दोन दुकानांत लिहून दिलंत ते चांगलंच केलंत, पण एकेक दुकान धरत बसू नका. बेटिंग शॉपसाठी एकत्रित सेल्फ एक्सक्लूजनची, म्हणजे स्वतःहून स्वतःवर बंदी घालून घ्यायची, योजना आहे, मोझेस म्हणतात तिला, ०८०० २९४ २०६० वर फोन करायचा, एकाच फोनमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची दुकानं सांगता येतात. घराजवळची, कामाजवळची, आणि मधल्या बसच्या रूटवरची, सगळी सांगा, लाजू नका. फोटो मागतात, तो दुकानांत जातो. ही काही तटबंदी नाही हेही सांगून ठेवते, काउंटरवर बऱ्याचदा एकच मुलगा किंवा मुलगी असते, त्यांनी शेकडो फोटोंमधून तुम्हाला ओळखायचं असतं, ते चुकतात. 'मला कुणी अडवलं नाही' हा पुन्हा खेळायचा परवाना समजू नका. पण दारात शिरताना पोटात जी धाकधूक होते, ती पाच सेकंद का होईना तुम्हाला थांबवते, आणि आपल्याला ते पाच सेकंदच हवे असतात.

मोझेस बेटिंग शॉपपुरती आहे. हाय स्ट्रीटवर म्हणजे बाजाराच्या मुख्य रस्त्यावर जे अडल्ट गेमिंग सेंटर असतात, म्हणजे नुसत्या जुगाराच्या मशीन्सचे अड्डे, काचांवर रंगीत स्टिकर लावलेले, त्यांची एक्सक्लूजन योजना वेगळी आणि कॅसिनोंची अजून वेगळी. बेटिंग शॉप साधारणपणे रात्री दहाला बंद करावं लागतं, पण ती सेंटर्स कितीतरी ठिकाणी चोवीस तास चालू असतात आणि आत तीच दोन पौंडांची, पाचशे बक्षिसाची मशीन्स. बुकी बंद केल्यावर माणूस तिथे सापडतो, हे मी फार बघितलंय, म्हणून दोन्ही एकाच आठवड्यात करा. आणि फोन. आज तुम्ही म्हणाल मी ऑनलाइन खेळत नाही, पण दुकान बंद झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात फोनकडे जातोच. गॅमस्टॉप या ऑनलाइन जुगारबंदीच्या योजनेत नाव घाला, ब्रिटनच्या लायसन्सवाल्या सगळ्या साइट्स बंद होतात, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, पाचच निवडा. सोबत जुगाराच्या साइट्स अडवणारं गॅमबॅन हे ॲप टाका कारण गॅमस्टॉपमध्ये नसलेल्या परदेशी साइट्स तुमच्यासारख्यांनाच शोधत असतात, 'नॉट ऑन गॅमस्टॉप' अशी उघड जाहिरात करतात, त्यांच्याकडे पैसे अडकले तर दाद मागायलाही जागा नाही.

पैशाचा दरवाजा सगळ्यात महत्त्वाचा आणि तो लोक सगळ्यात शेवटी बंद करतात. बँकेच्या ॲपमध्ये गॅम्बलिंग ब्लॉक असतो, तो चालू करा, त्याने दुकानात काउंटरवर डेबिट कार्ड देऊन मशीनवर पैसे चढवायचा मार्ग बंद होतो. पण कॅश उघडी राहते, एटीएममधून काढून नोट सरकवली की झालं, ब्लॉकला ते कळतच नाही. म्हणून तुमच्या बाबतीत खरी लढाई कॅशशी आहे. पगार जमा होतो त्याच दिवशी भाडं, गावाकडचे पैसे आणि हप्ते आपोआप जातील अशी स्टँडिंग ऑर्डर लावा, रोजची एटीएम मर्यादा बँकेला सांगून जितकी कमी होईल तितकी करा, आणि उरलेला पगार ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाच्या ताब्यात काही महिने द्या. हो, तिशीतल्या माणसाला हे लहान मुलासारखं वाटतं, माझ्यासमोर लोक चिडतात यावर. पाय मोडल्यावर कुबडी घेतो तेवढंच समजा. बसचं भाडं कार्डने, जेवण कार्डने, खिशात नोट नको. आणि सकाळी येताना शक्य असेल तर दुसरी बस पकडा, दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

आता घरी सांगणं. मला माहितीये हे वाचून तुम्ही ही ओळ सोडून पुढे जाणार होतात. बायकोला सांगा. आणि सांगताना पूर्ण आकडा एकदाच सांगा. आपल्याकडे काय होतं की माणूस आधी तीन हजार सांगतो, ती रडते, सावरते, मग महिन्याने अजून चार हजार निघतात, मग भिशीचं कळतं. पैशापेक्षा या हप्त्याहप्त्याने कळण्यानेच संसार मोडतात, कारण दर वेळी तिला वाटतं की अजून काय लपवलंय. बँकेचं स्टेटमेंट, लोनचे ॲप, मित्रांची नावं, सगळं एका कागदावर लिहा आणि व्हिडिओ कॉलवर तो कागद दाखवा. त्या दिवशी माफी मागत बसू नका, तिच्याकडून 'जाऊ दे' ऐकायची अपेक्षा तर अजिबात नको, तिला चिडू द्या, फोन कट करू द्या. लग्नातले दागिने मोडू का असं ती विचारेल, बऱ्याच जणी विचारतात, आणि इथे माझं स्पष्ट मत आहे, नाही मोडायचे. कुणी एकरकमी कर्ज फेडून दिलं की या आजारात माणसाला दोन गोष्टी मिळतात, सुटल्याची भावना आणि नव्याने कर्ज काढायची जागा. वडिलांनी शेताचा तुकडा विकून पाठवलेले पैसे सहा महिन्यांत मशीनमध्ये गेलेले मी बघितलेत. घरच्यांनी मदत करायचीच असेल तर तुमच्या खात्यावर लक्ष ठेवून करावी.

तिलाही कुणाशी तरी बोलायची गरज पडेल. ती भारतात आहे, तिच्यासाठी सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरच्यांचं मन कुणी विचारतच नाही, सगळे व्यसन्याच्या मागे.

देण्याचं काय करायचं. पहिली गोष्ट, आजपासून नवीन उधार बंद, जुनं फेडायला नवीन लोन तर मुळीच नाही. दुसरी, स्टेपचेंज ही कर्जावर फुकट सल्ला देणारी संस्था आहे, तिच्याशी बोला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ पासून ब्रीदिंग स्पेस म्हणून सोय आहे, सल्लागारामार्फत अर्ज केला आणि तुम्ही बसत असलात तर ६० दिवस बहुतेक सावकारांना व्याज, दंड आणि वसुली थांबवावी लागते. पैसे घेऊन 'तुमचं सगळं कर्ज आम्ही मिटवतो' म्हणणाऱ्या एजंटांकडे जाऊ नका. मित्रांना आणि भिशीवाल्यांना खरं कारण सांगा, महिन्याला पन्नास देईन म्हणा आणि पन्नासच द्या, पाचशेचं वचन देऊ नका, कारण पाचशेचं वचन पाळायचं टेन्शन आलं की तुम्हाला परत मशीन आठवणार. आणि हे कडू आहे पण सांगते, तुम्ही केअर होममध्ये आहात, रेसिडेंटच्या पाकिटाला हात लागेपर्यंत वाट बघू नका. 'उद्या परत ठेवीन' असं म्हणूनच ते सुरू होतं, आणि मग नोकरी, व्हिसा, पोलीस, सगळं एका दिवसात समोर येतं. असा विचार एकदाही मनाला शिवून गेला असेल तर या आठवड्यात उपचाराला जा.

उपचार घेतला तर व्हिसाचं काय होईल ही भीती मला प्रत्येक जण विचारतो. एनएचएसचा उपचार व्हिसाच्या नियमात 'पब्लिक फंड', म्हणजे व्हिसावाल्यांना मनाई असलेली सरकारी मदत, धरत नाहीत, त्यामुळे ती अट मोडत नाही. तुम्ही हेल्थ अँड केअर व्हिसावर असाल तर व्हिसासोबत आरोग्यसेवेसाठी घेतला जाणारा हेल्थ सरचार्जही भरावा लागत नाही आणि सेवा तर मिळतेच. क्लिनिक तुमच्या कंपनीला फोन करून कळवत नाही. गुप्तता मोडायची वेळ फक्त कुणाच्या तरी सुरक्षिततेला गंभीर धोका असेल तेव्हा येते, आणि ते पहिल्याच भेटीत समजावून सांगतात.

लंडनमध्ये जुगारासाठी एनएचएसचं पहिलं क्लिनिक २००८ मध्ये हेन्रिएटा बोडेन-जोन्स यांनी सुरू केलं, आता इंग्लंडभर अशी क्लिनिक्स आहेत, जीपीच्या म्हणजे नेहमीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः फॉर्म भरून जाता येतं, बरंच काम ऑनलाइनही होतं. मराठीत बोलायचं असेल तर दुभाषा मागा, तो तुमचा हक्क आहे, पैसे पडत नाहीत, फक्त ओळखीतल्या कुणाला दुभाषा म्हणून नेऊ नका. तिथे मुख्यतः सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक यावर काम करणारी थेरपी असते, जमलं तर गटात. जानेवारी २०२५ मध्ये नाइस या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने जुगारावर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही भर यावरच आहे, आणि थेरपीने भागत नसेल तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नाल्ट्रेक्सोन या गोळीचा विचार करता येतो असं म्हटलंय. ही गोळी स्वतःहून मागवून खाऊ नका. गोळ्यांवरून आठवलं, पार्किन्सन किंवा रात्री पाय वळवळण्याच्या त्रासावर प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशी औषधं देतात, त्यांच्यामुळे, आणि काही वेळा अरिपिप्राझोलमुळेही, जुगाराची अनावर ओढ सुरू होऊ शकते. तुमच्या वयात शक्यता कमी, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी साठीतले काका अचानक मशीनवर बसायला लागले असतील तर आधी औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा, औषध आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

ओढ येते तेव्हा काय करायचं. ओढ लाटेसारखी चढते आणि ओसरते, बहुतेकांची अर्ध्या तासाच्या आत ओसरते, फक्त त्या अर्ध्या तासात खिशात पैसे आणि समोर दुकान नको. तुमची वेळ ठरलेली आहे, शिफ्ट संपल्यावर, पगाराच्या आठवड्यात, आणि माझा अंदाज आहे की घरी भांडणाचा फोन झाल्यावरसुद्धा. त्या वेळेत काय करायचं हे आधी ठरवून ठेवा. कामावरून निघतानाच कुणाला तरी फोन लावायचा आणि घराचं दार उघडेपर्यंत बोलत राहायचं, हे साधं वाटतं पण नाइट शिफ्टवाल्यांत हेच सगळ्यात जास्त चालतं. कुणीच उचलत नसेल तर नॅशनल गॅम्बलिंग हेल्पलाइन ०८०८ ८०२० १३३, चोवीस तास, फुकट. मग घरी जाऊन खा आणि झोपा, आधी झोप. डोकं बंद करायची जी गरज म्हणत होते ती तुमच्या बाबतीत अर्धी तरी झोपेची आहे असं मला वाटतं, उरलेली एकटेपणाची. गॅम्बलर्स ॲनॉनिमस या जुगार सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंग फुकट असतात, सगळ्यांना त्यांची पद्धत पटत नाही, मलाही त्यातलं सगळं पटत नाही, पण तिथे तुमच्यासारखा मशीनवरून उठून आलेला माणूस शेजारी बसलेला असतो, हे मी माझ्या खोलीत बसून देऊ शकत नाही. एक-दोनदा जाऊन बघा.

मध्ये एखाद्या दिवशी पाय घसरेल. घसरलाच तर महत्त्वाचा असतो तो पुढचा तास. चाळीस पौंड गेले की डोकं लगेच तेच जुनं वाक्य बोलणार, निदान चाळीस तरी परत आणू. ते वाक्य ऐकू आलं की बाहेर पडायचं आणि ज्याच्याकडे पैसे ठेवलेत त्याला मेसेज टाकायचा, 'चाळीस गेले', बस्स, कारणं लिहायची नाहीत. चाळीसवर थांबलेला दिवस आणि चारशेवर थांबलेला दिवस यात फार फरक आहे, 'सगळंच वाया गेलं' म्हणत दोन्ही एकाच टोपलीत टाकू नका.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर तुमचा पुढचा पगार यायच्या आत मोझेसचा फोन, बँकेचा ब्लॉक, एटीएमची मर्यादा आणि पैसे ठेवायला एक माणूस, एवढं व्हायला हवं. क्लिनिकचा फॉर्मही त्याच आठवड्यात भरा कारण नंबर लागायला वेळ जाऊ शकतो, तोपर्यंत हेल्पलाइनवाल्यांना सांगून समुपदेशन सुरू करता येतं. आणि बायकोला फोन सुट्टीच्या दिवशी करा, रात्रभर जागून आल्यावर सकाळी नको.